वर्तनामागचे कारण शोधणारे शास्त्र

समजा, लातूरमधील एका विशेष शाळेत दहा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला बोलता येत नाही. मणी ओवायला दिले की तो स्वतःच्या गालावर जोरजोराने मारून घेतो. त्याला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर बसवले, तर काय होईल? मारून घेणे कमी होण्याऐवजी वाढेल! कारण नकोसे काम टळावे, हेच तर त्याला हवे होते. अशी मुले पुढे शाळेतून काढली जातात व घरीच राहतात. म्हणून कारण नेमके ओळखणे महत्त्वाचे असते.

त्यासाठी शिक्षक तीन रकान्यांची नोंदवही ठेवतात : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले. दात किंवा कान दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून प्रथम तपासून घेतात. बऱ्याच दिवसांच्या नोंदींतून कारण दिसू लागते. एखाद्याला काम टाळायचे असते, एखाद्याला बाईंचे लक्ष हवे असते.

कार आणि ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली चार मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काम अवघड वाटणाऱ्या मुलाला त्यांनी ‘मला समजत नाही’ असे म्हणून मदत मागायला शिकवले. लक्ष हवे असणाऱ्याला ‘माझे काम चांगले झाले का?’ असे विचारायला शिकवले. त्रासदायक वर्तन पुष्कळ कमी झाले. मात्र कारणाशी न जुळणारे वाक्य शिकवले, तेव्हा तसा फरक पडला नाही. म्हणजे गुण वाक्याचा नव्हता, अचूक निदानाचा होता. आपल्या मुलाला बोलता येत नसले, तरी ‘मदत हवी’ असे चित्रकार्ड दाखवायला शिकवता येईल. कामही सोपे करून देता येईल.

शिक्षेऐवजी परिस्थिती बदलणे व नवे कौशल्य शिकवणे, या पद्धतीला ‘सकारात्मक वर्तन साहाय्य’ म्हणतात. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत तिचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. निरीक्षण, नोंदींचे आलेख आणि उपायाआधीच्या व नंतरच्या वर्तनाची तुलना हे त्यांतील मुख्य विषय. आपल्याकडे विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांना 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद मान्यता देते. नांदेडहून रेल्वेने सिकंदराबादला गेले, की 1984 साली स्थापन झालेली बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था लागते. तेथे अशा शिक्षकांचे प्रशिक्षण चालते. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ केंद्र आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना हे शास्त्र रोज उपयोगी पडते.

विद्यार्थी मित्रांनो, भौतिकशास्त्रात आपण कारणावाचून कार्य घडत नाही असे मानतो. वर्गातला एखादा मुलगा ‘त्रासदायक’ वाटला, तर त्याच्याबाबतीतही तेच मानावे. आधी काय घडले, हे पाहावे आणि मगच मत बनवावे.