दाखला मागायला आलेला बाप

आमच्या आपाची शाळा आठवीनंतर सुटली. कुणी हट्टाने सोडवली नाही. अब्बा एका सकाळी शाळेत गेले, 'मुलीचा दाखला पाहिजे' म्हणाले, आणि अर्ध्या तासात दाखला घेऊन परत आले. का पाहिजे, दुसऱ्या शाळेत घालणार की घरी बसवणार, असा एक शब्दही तिथे कुणी विचारला नाही. अब्बा पुढे अनेक वर्षे म्हणत, "त्यांनी त्या दिवशी थोडं थांबवलं असतं, तर मी थांबलो असतो."

पंचवीस वर्षांनी माझा भाऊ त्याच्या मुलीचा दाखला आणायला गेला. गाव दुसरे, शाळा दुसरी, जिल्हा तोच, यवतमाळ. तिथल्या मुख्याध्यापकांनी त्याला बसवून घेतले, चहा पाजला आणि विचारले, "अडचण काय आहे ते सांगा, दाखला मग पाहू." अडचण एसटीच्या भाड्याची आणि संध्याकाळच्या गाडीची होती. मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो हे भावाला ठाऊकच नव्हते. संध्याकाळच्या गाडीसाठी मुख्याध्यापकांनी आगाराला पत्र दिले. त्या दिवशी भाऊ रिकाम्या हातांनी घरी आला, आणि मुलगी दहावी झाली.

गावची सरकारी शाळा वाढते कशी आणि आटते कशी, हे मला या दोन सकाळींतून समजले. इमारत, रंगरंगोटी, संगणक कक्ष यांचे महत्त्व आहेच. पण शाळेचा पट खाली येतो तो असा एकेका दाखल्याने. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते, म्हणजे किती शिक्षक मंजूर व्हायचे ते ठरते. मुले कमी झाली की पद जाते. पद गेले की गणित किंवा विज्ञान कुणीतरी दुसराच विषयवाला शिकवतो. मग ज्यांना परवडते ते पालक मुलांना खाजगी शाळेत हलवतात, आणि पट आणखी खाली येतो. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबवणे फार जड.

आपल्या जिल्ह्यात हायस्कूल ही वस्तू किती दुर्मिळ होती, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, जन्म 1 जुलै 1913 चा. त्यांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या गावांत फिरून झाले, पुढे अमरावती गाठावी लागली, आणि 1933 साली मॅट्रिक झाले ते नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून. हा मुलगा 1946 मध्ये पुसदचा नगराध्यक्ष झाला आणि 1963 ते 1975 राज्याचा मुख्यमंत्री. ज्यांच्या घरी नागपूरपर्यंत पाठवण्याची ऐपत नव्हती अशी किती मुले तिकडे वावरातच राहिली असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार? मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

आज त्याच पुसदला कोषटवार दौलतखान विद्यालय आहे. ही शाळा जिल्हा परिषदेची नव्हे, संस्थेची. पण तिच्या पाटीवर ती दोन नावे शेजारी शेजारी पाहिली की मला दर वेळी बरे वाटते. तालुक्याच्या गावातले हायस्कूल हे असे सगळ्यांचे असते.

सरकारी शाळांचा कारभार 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे गेला. विदर्भात काही जुन्या हायस्कूलांच्या नावात अजून 'माजी शासकीय' हे शब्द आहेत, ते त्या बदलाची खूण. नंतर तालुक्यापुरती शिकवणारी शाळा दाराशी आली. प्रश्न उरला तो तिथे मुलांना, त्यातही मुलींना, टिकवून ठेवण्याचा.

आणि गळतीची जागा नेमकी ठाऊक आहे. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा आठवीपर्यंतचा. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पुस्तकेही आठवीपर्यंत. नववीचा जून उजाडला की घरावर वह्या, पुस्तके, गणवेश असा खर्च एकदम येतो. त्याच सुमारास मुलगी मोठी दिसू लागते आणि खाला-मामी विचारू लागतात, "अजून किती शिकवणार?" पुढे दसरा-दिवाळीला कापूस वेचणी सुरू होते आणि मुलीच्या हाताला मजुरी मिळते. तिन्ही गोष्टी एकाच वर्षात येतात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे नववीच्या वर्गात बसून जेमतेम तीन-चार महिने झालेले असतात, तोच वेचणी येते.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे, भाषेचा. जी मुले सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकली आणि जवळ उर्दू हायस्कूल नाही म्हणून मराठी शाळेत आली, ती हुशार असूनही पहिले सहा महिने गप्प असतात. ज्याला ती 'मुसल्लस' म्हणत होती त्याला इथे त्रिकोण म्हणतात, 'जाविया'चा कोन होतो, 'कसर'चा अपूर्णांक. गणित तेच, शब्द नवे. मुलाला गणित येत नाही असा शिक्का बसायला एवढे पुरते. एखादा मुख्याध्यापक जुलैमध्ये अशा मुलांचा रोज अर्धा तास वेगळा घेतो, दोन भाषांतले शब्द भिंतीवर समोरासमोर लावतो. त्याला शासनाचा एक पैसा लागत नाही. हे सुचायला मात्र त्या मुलांकडे नीट पाहिलेले असावे लागते.

नववीच्या खर्चावरही उपाय आहे आणि तोही मुख्याध्यापकाच्या टेबलावरून जातो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस. परीक्षा आठवीत, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, चार वर्षांचे 48,000. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असावे. महाराष्ट्राचा कोटा 11,682 मुलांचा आहे. परीक्षा उर्दूतूनही देता येते. पण अर्ज भरायचा तो शाळेनेच. जी शाळा आठवीच्या मुलांची तयारी करून घेते, तिची मुले यादीत येतात. जी शाळा 'आपल्या मुलांना कुठे जमणार' म्हणते, तिथे अर्जच जात नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद करून ती नववी-दहावीपुरती ठेवली, तेव्हापासून या परीक्षेचे मोल अधिकच वाढले आहे.

सायकलीचेही तसेच. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. यादी शाळाच करते.

मुख्याध्यापकांची बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ शाळा 'प्रभारी' माणसावर चालतात. तो स्वतःचे तास घेतो, आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवतो, यू-डायसची माहिती भरतो, वर सभांना जातो. 2012 पासून शिक्षकभरती कित्येक वर्षे अडली होती, त्याचा भार अजून उतरलेला नाही. अशा माणसाने घरोघर फिरावे ही अपेक्षा थोडी जास्तच, हे मला कळते. तरी काही जण फिरतात, आणि कुठल्या मोहल्ल्यातली कोणती मुलगी जूनमध्ये आली नाही ते त्यांना तोंडपाठ असते.

म्हणून आपण त्यांच्याबरोबर बसायला हवे. आठवीपर्यंतच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, हे कायद्यात आहे. मोहल्ल्यातल्या किती भाभी या समितीत आहेत? मी विचारत फिरले तेव्हा बहुतेकींना समिती म्हणजे काय हेच माहीत नव्हते. स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, ही तक्रार पुरुष पालक सभेत बोलत नाहीत. ती आईच बोलेल. आणि कडी नसल्यामुळे महिन्यातले चार दिवस घरी बसणारी मुलगी पुढे कायमची घरी बसते, हे आयांना पुरते ठाऊक आहे.

सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवले होते की शाळेत जाणाऱ्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी सुमारे 4 टक्केच. बाकीच्यांपैकी बरीच याच शाळांत आहेत. आपल्या बैठकांत, मशिदीच्या बाहेरच्या गप्पांत, मदरशाची चर्चा किती होते आणि जिल्हा परिषदेच्या हायस्कूलची किती, ते ज्याचे त्याने पाहावे.

आपाचे सांगायचे राहिले. लग्नानंतर, दोन मुले झाल्यावर, एकतिसाव्या वर्षी तिने 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली. बीजगणितात अडली, दुसऱ्या खेपेला सुटली. यंदा तिची धाकटी आठवीत आहे. गेल्या आठवड्यात फोन आला होता, एनएमएमएसचा अर्ज शाळेने भरला का ते विचारायला आपा स्वतः जाणार होती. म्हणाली, "मुख्याध्यापक नवीन आहेत. बघून येते माणूस कसा आहे."