बीज ते रोप – लेखांक ४ : उबेचा हिशेब

कांद्याच्या प्रमाणित बियाण्याच्या लेबलावर किमान ७० टक्के उगवणक्षमतेची नोंद असते आणि तो आकडा खोटा नसतो; मात्र तो प्रयोगशाळेत, ओलसर कागदावर, २० किंवा १५ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात ठेवलेल्या बियांच्या बाराव्या दिवसापर्यंतच्या मोजणीतून आलेला असतो, हे लेबल वाचून कळत नाही. तेच बी खरिपाच्या रोपासाठी मेअखेरीस गादीवाफ्यावर पडते, तेव्हा उघड्या मातीचा वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर दुपारी हवेपेक्षाही अधिक तापलेला असतो, आणि वाफा विरळ उगवला की दोष बहुधा बियाण्याच्याच माथी मारला जातो.

मागील लेखांकात पाहिलेले पाण्याचे शोषण ही मुख्यतः भौतिक क्रिया असून मेलेले बीही पाणी पिऊन फुगते. खरा जिवंत व्यापार त्यानंतर सुरू होतो: विकरे, म्हणजे पेशींतील रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने, बियातील साठ्याचे विघटन करून भ्रूणाला अन्न पुरवतात, आणि हे काम थंडीत रेंगाळते, ऊब मिळताच वेग घेते व एका मर्यादेपलीकडे प्रथिनांची घडणच विस्कटू लागल्याने बंद पडते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस साक्स यांनी १८६० मध्ये अंकुरण आणि तापमान यांच्या संबंधावरील संशोधन प्रसिद्ध केले, आणि किमान, इष्टतम व कमाल या तीन तापमानबिंदूंची कल्पना तेव्हापासून रुळली.

हे बिंदू पिकागणिक किती वेगळे असतात, ते कॅलिफोर्नियातील हॅरिंग्टन यांच्या जुन्या, पण आजही वापरात असलेल्या कोष्टकात स्पष्ट दिसते. कांद्याला १० अंशांवर उगवायला सुमारे १३ दिवस, १५ अंशांवर ७, तर २५ अंशांवर ४ दिवसांहून थोडे कमी लागतात. ३५ अंशांवर मात्र हाच काळ पुन्हा साडेबारा दिवसांवर जातो आणि ४० अंशांवर काहीच उगवत नाही. याउलट कलिंगड १५ अंशांवर हलतही नाही, २० अंशांवर सुमारे १२ दिवस घेते आणि कांद्याला जाचणाऱ्या ३५ अंशांवर तिसऱ्या दिवशी वर येते.

किमान आणि इष्टतम या बिंदूंच्या दरम्यान हा हिशेब बराचसा सरळ असतो. समजा, एखाद्या बियाचे किमान तापमान १० अंश आहे आणि २० अंशांवर ते सहा दिवसांत उगवते, तर किमानाच्या वरचे १० अंश गुणिले सहा दिवस, अशी ६० ‘अंश-दिवसां’ची ऊब त्याला लागते, म्हणून २५ अंशांवर तेच बी चार दिवसांत उगवावे. हिवाळ्यात कलिंगडाचे किंवा कारल्याचे भिजवलेले बी ओल्या फडक्यात बांधून उबदार शेणखतात ठेवण्याची शेतकऱ्यांची रीत म्हणजे याच उबेची तजवीज होय, फक्त कुजणारे खत फार तापले तर बी शिजते, म्हणून पुरचुंडी रोज उघडून पाहावी लागते.

उष्णतेने न उगवलेले प्रत्येक बी मेलेलेच असते, असे मात्र नाही. लेट्यूसचे बी ३५ अंशांवर थबकते, कारण उष्णतेत त्यातील ॲब्सिसिक आम्ल, म्हणजे अंकुरण रोखणारे संप्रेरक, वरच्या पातळीवर राहते. तापमान उतरले की तेच बी उगवू शकते. सफरचंदाच्या बियाची तऱ्हा तर उलटीच आहे, कारण ओलसर अवस्थेत ५ अंशांच्या आसपास दोन-तीन महिने काढल्याशिवाय त्याची सुप्तावस्था, म्हणजे अनुकूल परिस्थितीतही न उगवण्याची स्थिती, नीट मोडत नाही. इथे थंडी हा अडथळा नसून हिवाळा सरल्याची खूण आहे.

म्हणून उन्हाळी रोपवाटिकेत शेडनेट, उगवण होईपर्यंत पेंढ्याचे पातळ आच्छादन आणि हलके, वारंवार पाणी यांना महत्त्व आहे. तिन्हींमुळे बियाभोवतीची माती काही अंशांनी थंड राहते. बियाण्याला दोष देण्यापूर्वी दुपारी दोनच्या सुमारास वाफ्यात बियाच्या खोलीवर तापमापक खोचून पाहावा. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो, मातीचा नव्हे.

(पुढील लेखांकात : प्रकाश आणि अंकुरण)