एसएसडी गेली म्हणे

सकाळी ६.५०
बदलापूरच्या फलाटावर गाडी लागायच्या आत फोन थरथरला. ‘काका, लॅपटॉप चालू होत नाही. पेनड्राइव्हवरून पण होत नाही. दुकानवाले म्हणतात एसएसडी गेली, नवीन टाका. परवा सबमिशन आहे.’ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, कुळगावातलीच. मी लिहिलं, ‘आता कुणालाही हात लावू देऊ नको. चार्जर आणि तो पेनड्राइव्ह दोन्ही घेऊन दुकानात ये.’ चार्जर आठवणीने सांगावा लागतो. दहातले चार जण तो घरी विसरतात.

मला अंबरनाथला उतरायचं होतं. सकाळच्या गाडीत बदलापूरला चढून पुढच्याच स्टेशनला उतरणारा माणूस डब्याच्या मते गुन्हेगारच. दारात उभा राहिलो, बोलणी खाल्ली, उतरलो.

८.००
आनंदनगर एमआयडीसीतला एक छोटा कारखाना. लेबल छापायला जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोज ७. लेबलचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही, म्हणून तेच पुन्हा टाकायचं होतं. इथला फोरमन दोन दिवस पेनड्राइव्ह लावून बसला होता. मशिन पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

चालू करताच कोपऱ्यात तारीख दिसली, १ जानेवारी २००९. तिथेच अर्धं कळलं. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. रात्री मेन स्विच बंद केला की बायोस सगळं विसरायचा, फोरमनने आदल्या दिवशी लावलेला बूटचा क्रमसुद्धा. दुसरी अडचण पेनड्राइव्हची. तो जीपीटी पद्धतीने बनवलेला, आणि हे मशिन यूईएफआयच्या आधीच्या काळातलं. त्याला एमबीआरच कळतं. नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलला, पेनड्राइव्ह एमबीआर करून पुन्हा बनवला आणि मागच्या काळ्या पोर्टात लावला. पुढच्या निळ्या पोर्टात लावायचा नाही, कारण विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नसतो. निळ्या पोर्टात लावलेले माऊस-कीबोर्डही भाषा निवडायच्या पडद्यावर मरतात. फोरमन म्हणाला, “भाऊ, एवढंच होतं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बिल करतानाही तोच प्रश्न येतो.

१०.३०
विठ्ठलवाडीला उतरून कॅम्प चारमधलं दुकान उघडलं. बाहेरगावचे लोक कॅम्प म्हटलं की दचकतात. इथे पूर्वी खरोखरच लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली उल्हास नदीवरून शहराचं नाव उल्हासनगर पडलं. कॅम्पचे नंबर मात्र पत्त्यांत राहिले ते राहिलेच. शेजारचे साईं चार्जर, केबल, पेनड्राइव्ह विकतात. मला पाहताच त्यांनी दाल-पकवानची पुडी पुढे केली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ते स्वतःच गिऱ्हाइकाला ऐकवतात. पण स्वस्तातला पेनड्राइव्ह मला कधी देत नाहीत. “तेरे काम का नहीं, भाऊ,” म्हणतात. खरंच आहे. वर ६४ लिहिलेलं आणि आत ८ जीबी, असा पेनड्राइव्ह आठच्या पुढचं सगळं गिळून टाकतो. मग सेटअप अर्ध्यावर फाइल करप्ट म्हणतो आणि माणूस लॅपटॉपला शिव्या घालतो.

११.१५
मुलगी आली, सोबत वडील. मी नेहमीचा प्रश्न विचारला, “बिघडायच्या आधी शेवटचं काय झालं होतं?” लोक लक्षणं सांगतात, मला घटना हवी असते. जरा खोदल्यावर निघाली. लॅपटॉपची बॅटरी सहा महिन्यांपासून मेलेली, चार्जरवरच चालायचा. अपडेट चालू असताना लाइट गेली. तेव्हापासून ‘रिपेअर’चं चक्र फिरतंय. मामेभावाने पेनड्राइव्ह बनवून दिला, तो चालला नाही. मग एका दुकानात नेला, तिथे एसएसडी गेल्याचं निदान झालं.

आधी मामेभावाचा पेनड्राइव्ह माझ्या मशिनला लावला. आत एकच फाइल, विंडोजची आयएसओ, जशी डाउनलोड झाली तशी. हे मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचं बांधलेलं गाठोडं. लॅपटॉप पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचा फोल्डर आणि त्यात बूटची फाइल शोधतो. गाठोडं सोडून सामान मांडलंच नाही, तर त्याला ते सापडणार कुठून?

मग बायोसमध्ये गेलो. माहितीच्या पानावर एसएसडीचं नाव, क्षमता, सगळं व्यवस्थित. मेलेली डिस्क आपलं नाव सहसा सांगत नाही. वडिलांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची पुढे ओढून बसले.

सिक्योर बूट चालू होतं. माझा रोजचा व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह अशा मशिनवर पहिल्यांदा अडतो, निळा पडदा दाखवून ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ म्हणतो. सिक्योर बूट बंद करणं सोपं, बरेच जण तेच करतात. मी करत नाही. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर अशा बदलाने लॅपटॉपला संशय येतो आणि तो किल्ली मागत बसतो. म्हणून मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने बनवलेला साधा पेनड्राइव्ह खणातून काढला. एफ १२ दाबलं, सेटअप आला. पुढे डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी. दुसऱ्या दुकानाचं निदान बहुधा इथेच थांबलं असणार.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत एसएसडी थेट समोर येत नाही. व्हीएमडी नावाचा मध्यस्थ बसवलेला असतो, आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपच्या पेनड्राइव्हवर नसला तर चांगली डिस्क दिसेनाशी होते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही डिस्क दिसते. पण मग आतलं जुनं विंडोज चालू होत नाही, आणि इथे अजून एकही फोटो बाहेर काढलेला नव्हता. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला. तोही गाठोड्यातच येतो. उघडून आयएनएफ फाइलवाला फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला, ‘लोड ड्रायव्हर’ दाबलं. यादी भरली. मुलगी म्हणाली, “आली!”

आली खरी, पण कुलूपबंद.

१.००
बिटलॉकरची किल्ली ४८ आकडी असते, सहा-सहाचे आठ गट. लॅपटॉपवर पहिल्यांदा ज्याच्या खात्याने लॉगिन होतं त्याच्याच खात्यात ती जाऊन बसते. मुलीच्या खात्यात काहीच नव्हतं. “नवीन आणला तेव्हा सुरू कोणी करून दिला?” पुन्हा मामेभाऊ. तो तळोज्याला कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत सापडला. फोन स्पीकरवर. तो वाचतोय, मागे कँटीनच्या ताटांचा आवाज, मुलगी वहीत लिहितेय, मी काळ्या खिडकीत टाइप करतोय. तो मध्येच “एकोणसाठ” म्हणाला आणि आम्ही तिघांनी तीन वेगवेगळे आकडे ऐकले. म्हटलं, “बाबा रे, एकेक आकडा सांग.”

सहावा गट चुकला. किल्लीचा प्रत्येक गट अकराने पूर्ण भागला जातो, त्यामुळे एक आकडा चुकला तरी पकडला जातो. वडिलांनी मोबाइलवर भागाकार केला. “हा नाही भागला जात. परत विचार.” ते हिशेबनीस आहेत हे तेव्हा कळलं.

कुलूप उघडलं. सेटअपच्या खिडकीतूनच नोटपॅड उघडलं, त्यातल्या ‘ओपन’मधून फोल्डर पाहिले. जर्नल, प्रोजेक्ट, घराच्या वास्तुशांतीचे फोटो, सगळं जागेवर. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी लावली आणि दोघांना संध्याकाळी यायला सांगितलं.

२.०० ते ५.३०
कॉपी चालू असताना बाकीची कामं. एक हिंज, एक कीबोर्ड, आणि एक निवृत्त मास्तर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, तेव्हापासून रोज एखादा तरी येतो. त्यांचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही. मशिन ठणठणीत आहे. लिनक्स मिंट टाकून दिलं, मराठी टायपिंग चालू करून दाखवलं. मास्तरांना फक्त पत्त्यांचा खेळ कुठे गेला एवढीच चिंता होती.

७.४५
मुलगी कॉलेजमधून परतताना वडिलांना घेऊन आली. नवीन विंडोज, तीच एसएसडी, डेटा परत जागेवर. बॅटरी उद्या येईल म्हणून सांगितलं. “तोवर लाइट जायच्या वेळेला अपडेट करू नको.” “लाइट कधी जाणार ते कसं कळणार, काका?” बरोबर आहे तिचं.

या वेळी लॉगिन तिच्याच खात्याने केलं. नवीन किल्ली पडद्यावर काढली आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावली. लिहून झाल्यावर वडिलांनी वही स्वतःकडे ओढली, चष्मा वर केला, मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. मी शटर अर्धं खाली घेतलं, साईंनी त्यांचं पूर्ण घेतलं. आठ पन्नासची गाडी गेली.

“तिसरा गट बघ गं,” ते म्हणाले, “तीनच्या जागी आठ लिहिलायस.”