आजीचा चुडा आणि हिरवा पडदा

गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही काही मंडळींनी बेळगावनजीकच्या एका गावात मुलांसाठी आठ दिवसांचे शिबिर भरविले. मुले पाचवी ते आठवीची. निम्मी मराठी शाळेतली, निम्मी इंग्रजी माध्यमाची. शिबिर ना संस्कारवर्गाचे होते, ना हस्ताक्षर सुधारण्याचे. मोबाईलवर हिरव्या पडद्याची चित्रफीत कशी तयार करावी, हे शिकविण्याचे ते शिबिर होते. ‘सीमाभागात मराठीची अशी परवड चालली असताना हा कसला उद्योग काढलात?’ असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला तोंडावर विचारले. त्यांना द्यायला त्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते पाचव्या दिवशी एका आजीबाईंनी दिले. ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पडद्यामागचे शास्त्र

दूरचित्रवाणीवर हवामानाचा अंदाज सांगणारी व्यक्ती नकाशापुढे उभी राहून बोट दाखवते, हे आपण नेहमी पाहतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तिच्या पाठीमागे नकाशा नसतोच. असते ती नुसती एकरंगी भिंत किंवा कापड. मोबाईल किंवा संगणक चित्रातला नेमका तेवढा रंग हुडकतो, तो पारदर्शक करतो आणि त्या मोकळ्या जागेत आपण दिलेले दुसरे चित्र बसवतो. यालाच ‘क्रोमा की’ असे नाव आहे.

मग हिरवाच रंग का? मुलांचा पहिला प्रश्न हाच होता. माणसाची कातडी गोरी असो वा सावळी, तिच्यात तांबूस छटा अधिक असते. हिरव्याशी तिचा गोंधळ होत नाही. दुसरे कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या दर चार बारीक घरांपैकी साधारणतः दोन हिरव्याची असतात, एक तांबड्याचे, एक निळ्याचे. ही मांडणी ब्राईस बायर या कोडॅकच्या शास्त्रज्ञाने शोधली आणि १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. तेव्हा हिरवा रंग कॅमेऱ्याला सर्वांत स्वच्छ दिसतो. फिल्मवर चित्रण होत असे त्या काळात मात्र निळ्या पडद्याला मान होता. १९४० साली आलेल्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात लॅरी बटलर यांनी निळ्या पडद्याच्या साहाय्याने चमत्कार दाखविले आणि त्या करामतीला ऑस्कर मिळाले. निळ्या पडद्याची ही गोष्ट आम्ही मुलांना जाता जाता सांगितली होती. पुढे तीच आमच्या कामी आली.

मराठी माणसाला ही करामत परकी वाटण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची कन्या मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या आरंभी फाळक्यांनी प्रथम आपली मुलगी मुलगी म्हणूनच दाखविली, तिच्या चेहऱ्यावरचे नाना भाव टिपले आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण केला. पडद्यावरच्या चमत्कारामागे एक हाडामांसाचे मूल आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगून टाकले. आमच्या शिबिराचे सूत्र आम्ही तिथूनच घेतले. आधी मूल, मग चमत्कार.

कापड, उजेड आणि अंतर

साहित्य फारसे लागत नाही. बाजारातून नऊ मीटर साधे, न चकाकणारे पोपटी हिरवे सुती कापड आणले. प्रत्येकी तीन मीटरचे तीन पट्टे एकमेकांना शिवून घेतले. गावातल्या शिंपीदादांनी शिलाई घेतली नाही. कापडाला इस्त्री हवी, कारण सुरकुतीची सावली पडली की हिरव्याच्या दोन छटा होतात आणि मोबाईल गोंधळतो. कापडावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पाडावा. मुलाने कापडाला चिकटून उभे राहू नये, पाच-सहा फूट पुढे यावे, नाही तर गालावर आणि केसांवर हिरवी झाक येते. मोबाईल हातात न धरता तिकाटण्यावर पक्का बसवावा. आमच्याजवळ तिकाटणे एकच होते. दुसरे काम शाळेतल्या बाकावर विटा रचून भागविले.

आवाज हा मात्र चित्राहून नाजूक विषय. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी माणूस पाहतो, शब्द कळले नाहीत तर उठून जातो. म्हणून आम्ही पंखे बंद केले, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि भर उन्हाळ्यात घामाघूम होऊन चित्रण केले. मुलांनी तक्रार केली नाही, आम्हीच केली.

पहिले दोन दिवस मुलांनी हौस फेडून घेतली. कोणी चंद्रावर गेले, कोणी आयफेल टॉवरपुढे उभे राहिले, एकाने डायनासोर मागे लावून घेतला. पण तिथे पोहोचल्यावर बोलायचे काय, हे कोणालाच सुचेना. ‘हाय फ्रेंड्स’ म्हणून सगळे गप्प. जिथे नेले तिथले सांगण्याजोगे जवळ काही नसेल, तर नुसते जाऊन उपयोग नाही, हे मुलांनाच उमगले. तिसऱ्या दिवशी विषय ठरला तो जवळचा, मलप्रभा नदीचा. ही नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, खानापूर गावावरून पुढे जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. एवढा प्रवास मुलांना घडवायचा तर बस ठरवावी लागती. हिरव्या पडद्यापुढे तो पाच मिनिटांत घडतो.

वेल की वेळ?

संहिता मुलांनीच लिहावी, असा आमचा आग्रह होता. एका मिनिटाच्या बोलण्याला शंभर-सव्वाशे शब्द पुरतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी हां हां म्हणता मोबाईलवर मराठी लिहून काढले, पण रोमन लिपीत. घरी निरोप धाडण्याची त्यांची सवय तीच. एका मुलाने नदीकाठचे वर्णन लिहिले होते. मोबाईलपुढे उभा राहून तो आपलेच लिहिलेले वाचू लागला आणि म्हणाला, ‘काठावरच्या झाडाला वेळ गुंडाळला होता.’ सगळे हसले. त्याला वेल म्हणायचे होते. रोमनमध्ये वेल आणि वेळ एकच, दात आणि दाट एकच, काल आणि काळही एकच. आम्ही उपदेशाचा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाईलमधली देवनागरी कळफलकाची सोय आपण होऊन शोधली आणि इतरांनाही दाखविली. लिपीचे महत्त्व सांगणारी आमची अनेक व्याख्याने वाया गेली होती. तिथे एका वेलीने काम केले.

आजींचा चुडा

पाचव्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने आपल्या आजीला शिबिरात आणले. आजींचे माहेर कणकुंबीच्या बाजूचे. नदीचा उगम त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. त्यांना पडद्यापुढे उभे करून, मागे उगमाचे चित्र लावून बोलते करावे, ही नातीची कल्पना. आजी हौसेने ठेवणीतले लुगडे नेसून आल्या. लाल होते, त्यामुळे आम्ही निश्चिंत. त्या छान बोलल्या. पावसाळ्यात पाणी कसे गर्जते, माहेरहून परतताना आईने ओटी कशी भरली, सारे सांगितले. नातीने लगोलग चित्र जोडून मोबाईल आजींच्या हाती दिला.

आजींनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. चित्रात त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. हिरव्या बांगड्यांच्या जागी मागची झाडी आणि पाणी दिसत होते. चुडा हिरवा, पडदा हिरवा. मोबाईलने दोन्ही पुसून टाकले होते. हे आम्हा कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. आजोबा बाहेर पारावर बसलेले. सवाशिणीला आपले हात असे दिसणे म्हणजे काय, हे मराठी घरात सांगावे लागत नाही.

नात घाबरून म्हणाली, ‘आजी, मोबाईलनं बांगड्या काढल्या.’

‘काढल्या म्हणू नये बाई,’ आजी हळूच म्हणाल्या. ‘फुटली तरी फुटली म्हणत न्हाईत. वाढवली म्हणत्यात.’

आम्हाला वाटले, संपले. आता आजी उठून जाणार आणि शिबिराची गावभर शोभा होणार. पण त्या मुलीने आजींचा हात धरून त्यांना कापडाजवळ नेले. आम्ही शिकविलेला एकही शास्त्रीय शब्द तिच्या उपयोगाचा नव्हता. ‘क्रोमा की’ आजींना काय सांगणार? ती शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, ‘आजी, ह्या मोबाईलला रंग कळतो, माणूस कळत न्हाई. हिरवं दिसलं की त्याला वाटतंय, ही मोकळी जागा. कापड काय, चुडा काय, त्याला सगळं एकच. तुझा चुडा हातातच हाय की. त्याला बघायला येईना, एवढंच.’

आजींनी हात हलवून बांगड्या वाजविल्या, खात्री करून घेतली आणि हसल्या. ‘मग त्याला दुसरं कापड दाखव की,’ म्हणाल्या. तेवढ्यात कोणाला तरी निळ्या पडद्याची गोष्ट आठवली. शेजारच्या घरातून साधी निळी चादर आणली, इस्त्री करून टांगली आणि चित्रण पुन्हा केले. या वेळी आजींच्या हातात चुडा होता, पाठीमागे कणकुंबीचे पाणी होते आणि बोलणे पहिल्यापेक्षा रंगले होते.

त्या मुलीला हिरव्या पडद्याचे शास्त्र कळले ते आमच्या व्याख्यानाने नव्हे. आजीला आजीच्या भाषेत सांगावे लागले, तेव्हा कळले. आणि ‘वाढवणे’ या शब्दाचा एक अर्थ तिला त्याच क्षणी मिळाला, जो तिच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

‘मी निघालो’

एक कबुलीही द्यायला हवी. हीच मुलगी नदी होऊन बोलणार होती. तिने सुरुवात केली, ‘मी कणकुंबीतनं निघालो.’ आमच्यातल्या एकाने तिला लगेच थांबविले. ‘निघाले म्हण, तू मुलगी आहेस.’ ती दचकली. नंतरच्या चार वेळांत तिने ‘निघाले’ म्हटले खरे, पण नदी आटून गेली. प्रत्येक क्रियापदापूर्वी ती आमच्या तोंडाकडे पाहू लागली. आजींनीच शेवटी विचारले, ‘आमच्याकडं बायका असंच बोलतात की. ते मराठी न्हवं काय?’

आम्ही निरुत्तर झालो. एका बाजूने आपण म्हणतो, मुले मराठी बोलत नाहीत. दुसऱ्या बाजूने ती आपल्या घरचे मराठी बोलू लागली की आपण त्यांना पुण्याच्या मापाने मोजतो. मग मूल गप्प बसते, किंवा इंग्रजीच्या आडोशाला जाते. तिथे निदान कोणी हसत नाही. अखेर बोलणे तिचे तसेच ठेवले. चित्राखालच्या अक्षरांत ग्रंथिक रूप दिले आणि दोन्ही रूपे मराठीच आहेत, हे मुलांना समजावून सांगितले. नदी पुन्हा वाहू लागली.

पुढे काय?

बेळगावात १९४६ साली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. २००४ साली महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. निकाल लागेल तेव्हा लागेल. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे घटनेचे ३५० अ हे कलम सांगते. त्यासाठी झगडत राहिलेच पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचाही अभिमान आहे. मात्र हा दर्जा मुलांच्या तोंडी शब्द घालत नाही. शब्द घालते ती आजी, आणि तिच्याशी बोलण्याचे निमित्त. असे निमित्त आज मोबाईलमध्ये आहे.

आमची गावोगावच्या तरुण मंडळांना, वाचनालयांना आणि मराठी शाळांच्या शिक्षकांना विनंती आहे. नऊ मीटर कापड घ्या. हिरवे घ्या, आणि सोबत एक निळी चादरही ठेवा. मागे लावायची छायाचित्रे शक्यतो मुलांनीच काढलेली असू द्या. दुसऱ्याची घेतलीत तर परवानगी घ्या. मुलांच्या चित्रफिती पालकांच्या संमतीवाचून बाहेर पाठवू नका. चित्रणाआधी प्रत्येकाचे कपडे, रिबिनी, बांगड्या नीट पाहा. आणि प्रत्येक मुलाला एवढीच अट घाला की, जे केले ते घरातल्या सर्वांत वडील माणसाला मराठीत समजावून सांगायचे.

मोबाईलला रंग कळतो, माणूस कळत नाही, असे ती मुलगी म्हणाली. तो माणूस आपण ओळखायचा आहे.