नवीन चाके बसविल्यानंतर उद्भवणारी मोटारीची थरथर : कारणे व निदान (विशेष संदर्भ : हातखंबा तिठा, जि. रत्नागिरी)

प्रास्ताविक

रत्नागिरी शहरातून निघालेला रस्ता हातखंबा येथे मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर ६६ झाला. पाली, साखरपा व आंबा घाटमार्गे कोल्हापूरकडे जाणाऱ्या रत्नागिरीकरासही हाच तिठा गाठावा लागतो. शहरात नवीन टायर अथवा अलॉय चाके बसवून निघालेल्या मोटारीची पहिली खरी परीक्षा येथे होते. शहरातील चढउतार, वळणे आणि वर्दळ यांमुळे वेग बेताचा राहतो व गाडी निर्दोष भासते. महामार्गावर सरळ तुकडा मिळून वेग ताशी ८० कि.मी.च्या आसपास गेला की स्टिअरिंग थरथरू लागते. मालक माघारी जाऊन ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ करून घेतो, तरी थरथर कायम राहते.

हा जोडशब्द एका दमात उच्चारला जात असला तरी त्यातील दोन क्रिया सर्वस्वी भिन्न आहेत. अलाइनमेंट बिघडल्यास गाडी एका बाजूस ओढते आणि टायर तिरपा झिजतो. एवढ्याने थरथर सहसा उत्पन्न होत नाही. बॅलन्सिंग हे थरथरीचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. शिवाय कारणांपैकी काही केवळ त्रासदायक असतात, तर एक जीवघेणे ठरू शकते. म्हणून निदानाचा क्रम महत्त्वाचा होय.

थरथर विशिष्ट वेगालाच का?

लहान मोटारींत प्रचलित असलेल्या १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा एक फेरा सुमारे १.९ मीटरचा असतो. ताशी ८० कि.मी. वेगास, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर गतीस, चाक सेकंदाला जवळजवळ १२ फेरे घेते. रिमच्या कडेवर, केंद्रापासून १९ सें.मी. अंतरावर, केवळ ३० ग्रॅम वजन अधिक असल्यास या वेगाला सुमारे ३१ न्यूटन, म्हणजे तीन किलो वजनाइतका जोर उत्पन्न होतो आणि तो दर फेऱ्यास आपली दिशा बदलतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी ४० कि.मी. वेगाला तो एक चतुर्थांशच राहतो.

त्यात भर पडते ती अनुनादाची. चाक, हब आणि ब्रेक यांच्या एकत्रित भाराची स्वाभाविक कंपनसंख्या साधारणतः सेकंदाला १० ते १५ असते. वरील टायरच्या बाबतीत हा पट्टा ताशी ६८ ते १०३ कि.मी. असा येतो. म्हणूनच ८० ला असह्य झालेली थरथर त्याहून अधिक वेगाला कधी कधी ओसरते. ती ओसरली म्हणजे दोष गेला, असे मात्र नव्हे.

रस्त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. काँक्रीट रस्त्याचे सांधे सामान्यतः साडेचार मीटर अंतरावर असतात. ८० च्या वेगाला त्यांचे ठोके सेकंदाला पाचच पडतात. डांबरी तुकड्यावर ते थांबले, तर दोष चाकाचा नाही.

हबवरील बैठक

यंत्रावर ‘शून्य’ दाखवणारे चाक गाडीवर का थरथरते, याचे उत्तर बहुधा हबवर सापडते. बाजारात मिळणाऱ्या अलॉय चाकांचे मधले छिद्र अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे, पुष्कळदा ७३.१ मि.मी. ठेवलेले असते; सुझुकीच्या अनेक लहान मोटारींचा हब ५४.१ मि.मी.चा असतो. ही पोकळी भरणारी हब रिंग न बसविल्यास चाक मध्यभागी आणण्याची सारी जबाबदारी नटांवर पडते. गाडीचा भार जमिनीवर असताना, एका बाजूचे नट आधी करकचून आवळले तर चाक किंचित सरकूनच बसते. टायरसह १६ किलोचे चाक अर्धा मि.मी. सरकले, तरी परिणाम रिमवर ४२ ग्रॅम अधिक वजन लावल्याइतका होतो. बॅलन्सिंगच्या यंत्रावर तेच चाक शंकूने मध्यभागी धरले जात असल्याने तेथे हा दोष दिसूच शकत नाही.

कोकणच्या हवामानामुळे यात आणखी एक कारण संभवते. खाऱ्या दमट हवेत हबच्या तोंडावर गंज चढतो, त्यावर जांभ्याची माती घट्ट बसते. तारेच्या ब्रशने ती न खरवडता नवे चाक चढविले तर ते तिरपे बसते. पुढे ही माती दबून निघून गेली, की नट आपोआप सैल पडतात. शंकूच्या बैठकीचे नट गोल बैठकीच्या चाकास वापरले तरीही तोच धोका संभवतो.

निदानाची रीत

प्रथम नट तपासावेत. दिवसागणिक वाढत जाणारी थरथर हे नट सैल पडत असल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी पुढे घाट उतरण्याचे धाडस करू नये. चाक जॅकवर उचलून, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून, गाडी खाली घेतल्यावर पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने अखेरचे आवळावे. सुमारे शंभर कि.मी. चालल्यावर पुन्हा तपासावे. पान्यावर उभे राहून नट आवळण्याची पद्धत ब्रेकची चकती वाकवू शकते, आणि मग केवळ ब्रेक दाबताना जाणवणारी निराळीच थरथर सुरू होते.

नट ठीक असल्यास थरथर कोठे जाणवते ते पाहावे : स्टिअरिंगवर असल्यास बहुधा पुढील चाके, आसनाखाली असल्यास मागील. सपाट रस्त्यावर तोच वेग राखून गिअर बदलला आणि थरथर जशीच्या तशी राहिली, तर इंजिनास दोषमुक्त मानता येते. त्यानंतर संशयित चाक काढून त्या जागी त्याच मापाचे जुने चाक वा स्टेपनी लावावी, एका वेळी एकच. दोष चाकाबरोबर गेला तर तो टायर वा रिममध्ये आहे. त्याच कोपऱ्यात राहिला तर हब वा बेअरिंगमध्ये. प्रयोगशाळेत एकच चल बदलण्याचा जो दंडक आपण विद्यार्थ्यांस शिकवितो, तोच येथे आहे. आखेन विद्यापीठाच्या ‘फायफॉक्स’ या विनामूल्य अ‍ॅपद्वारे मोबाइलमधील संवेदकावर कंपनसंख्याही मोजता येते. आकडा सेकंदाला १२ च्या आसपास आणि वेगाबरोबर बदलणारा असल्यास चाकाविषयी शंका उरत नाही.

दोष टायरमध्येच निघाल्यास तो पूर्ण गोल आहे काय, हे चाक उचलून, स्थिर टोकाजवळ फिरवून पाहावे. वजनाने समतोल असलेला टायरही आकाराने उंचसखल असू शकतो. बऱ्याच नव्या टायरवर हलकी बाजू दर्शविणारा पिवळा ठिपका असतो. तो व्हॉल्व्हजवळ आणून टायर पुन्हा चढविल्यास पुष्कळदा काम भागते. आणि पावसाळ्यात, यांपैकी काहीही करण्यापूर्वी, रिमच्या आतल्या बाजूस थापलेला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने धुवून काढावा.