जॅक लंडन : बळ कुणाचं आणि किती दिवसांचं?

जॅक लंडन म्हटलं की आपल्याला बर्फ, लांडगे आणि स्लेज ओढणारी कुत्री आठवतात. साहसी लेखक, एवढ्यावर आपण थांबतो. पण तो साहसाकडे वळला कसा, हे आधी पाहू.

जन्म १८७६ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. घरी गरिबी. अगदी कोवळ्या वयात तो ओकलंडच्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रोज बारा तासांहून अधिक राबत होता. त्यातून सुटायला उसने पैसे घेऊन त्यानं एक शिडाची होडी घेतली आणि रात्री खाडीतली खाजगी मालकीची कालवं चोरायला लागला. सतराव्या वर्षी सीलच्या शिकारीच्या जहाजावरून जपानच्या दिशेनं गेला. म्हणजे बघा, हे हौसेचं साहस नव्हतं. कारखान्यापासून काढलेला तो पळ होता.

त्या काळात त्याची एक पक्की समजूत होती : अंगात रग असली की माणसाला कुणाची गरज नाही. १८९४ साली बेकारांच्या मोर्चाबरोबर तो निघाला आणि पुढे भटकत नायगाराला पोचला. तिथं भटकेपणाच्या आरोपाखाली त्याला पकडलं. बचावाचा शब्द बोलू न देता तीस दिवसांची कैद! या भटकंतीत त्याला भेटलेली माणसं कोण होती? खलाशी, सैनिक, मजूर. एकेकाळी त्याच्याइतकीच धट्टीकट्टी. कुणी अपघातानं, कुणी वयानं, कुणी कष्टानं मोडलेली. त्याला स्वतःचं भविष्य समोर दिसलं. आपण समाजवादी कसे झालो, हे सांगताना त्यानं नंतर हाच अनुभव लिहिला आहे.

इथं तत्त्वज्ञानाचा प्रश्न सुरू होतो. बळ हे मूल्य मानलं, तर ते ओसरल्यावर माणसाची किंमत काय? लंडननं स्पेन्सर वाचला, नीत्शेचं आकर्षण त्याला होतं, मार्क्सही पटत होता. ही ओढाताण त्याच्यात मिटली नाही. १८९७ मध्ये तो सोन्यासाठी क्लोंडाइकला गेला आणि सोन्याऐवजी स्कर्व्ही घेऊन परतला. पण गोष्टी मिळाल्या! त्याच्या एका प्रसिद्ध कथेत जाणत्याचा सल्ला धुडकावून एक माणूस कडाक्याच्या थंडीत एकटा निघतो. विस्तव पेटवायला बोटं चालत नाहीत, आणि तो गोठून मरतो. सोबत एक माणूस असता, तर वाचला असता.

'मार्टिन ईडन' ही १९०९ ची कादंबरी. स्वतःच्या जिद्दीवर लेखक झालेला खलाशी यश मिळताच आतून रिकामा होतो आणि समुद्रात जीव देतो. लंडनच्या मते हा व्यक्तिवादावरचा हल्ला होता. वाचकांनी मात्र नायकाच्या जिद्दीचंच कौतुक केलं.

आता त्याचे दोषही झाकायचे नाहीत. श्रमिकांचं दुःख जाणणारा हा माणूस गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पनेतून पुरता सुटला नाही. १९१६ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. ज्या शरीराच्या भरवशावर सगळं सुरू झालं, त्यानंच आधी साथ सोडली.

म्हणून मी म्हणतो, लंडन वाचावा तो साहसासाठी जरूर वाचावा. पण प्रत्येक गोष्टीत एक पाहा : त्या माणसासोबत कोण आहे?