चौकट, इस्पिक, बदाम की किलवर?

वाकडमधील एखाद्या मोठ्या गृहसंकुलात सायंकाळी वाहनतळावर क्रिकेटचा डाव रंगलेला दिसतो. सगळी मुले एकच खेळ खेळत असली, तरी ती एकाच कारणासाठी खेळत नसतात. एकाचे सारे लक्ष आपल्या धावांकडे असते. दुसरा चेंडू कसा सोडला म्हणजे जास्त वळतो, हे करून पाहत असतो. तिसरा मित्र भेटतात म्हणून येतो. त्याची फलंदाजी आली नाही तरी त्याची तक्रार नसते. चौथ्याला मात्र कुणाची तरी जिरवल्याशिवाय चैन पडत नाही.

हीच मुले संगणकावर किंवा मोबाइलवर खेळू लागली, म्हणजे त्यांना काय हवे असते? अनेकांनी एकत्र येऊन, निरनिराळ्या भूमिका घेऊन खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या बाबतीत या प्रश्नाचा चांगला अभ्यास झाला आहे. त्याची आपण ओळख करून घेऊ.

न थांबणारे जग

पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने 2024 मध्ये ‘इंडस’ नावाचा खेळ आणला. अशा खेळात डाव संपला, की रणांगण पुन्हा पहिल्यासारखे होते. भूमिकाखेळाचे तसे नसते. येथे खेळाडू योद्धा, वैद्य किंवा कारागीर असे एखादे पात्र घेतो. त्या पात्राचे जग ‘सर्व्हर’ नावाच्या दूरच्या संगणकात चालू राहते. तुम्ही झोपी गेलात, तरी तेथे इतरांचे व्यवहार सुरूच असतात. दुसऱ्या दिवशी तुमचे पात्र जेथे होते, तेथूनच पुढे निघते.

समजा, हा सर्व्हर सिंगापूरला आहे. वाकडपासून हे अंतर सरळ मोजले, तर सुमारे 3,800 किलोमीटर भरते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला निदान 38 मिलिसेकंद लागणारच. केबल वळणावळणाने जात असल्यामुळे प्रत्यक्षात अधिकच. नेमबाजीच्या खेळात असा विलंब बाधतो. भूमिकाखेळात तो बहुधा खपून जातो, कारण तेथे बोटांच्या चपळाईपेक्षा पात्राने दिवसेंदिवस कमावलेल्या सामर्थ्याला महत्त्व असते.

अशा जगांचा आरंभ 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात एकही चित्र नव्हते. गुहा, खजिने, शत्रू, सारे काही शब्दांत होते.

बार्टल यांचे चार पत्ते

नोव्हेंबर 1989 ते मे 1990 या काळात या खेळाच्या जाणत्या खेळाडूंमध्ये एक लांबलचक चर्चा झाली. विषय एकच होता : लोकांना या खेळातून हवे तरी काय असते? या चर्चेचे सार काढून बार्टल यांनी 1996 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना पत्त्यांची नावे दिली.

ही मांडणी समजण्यासाठी वहीत X आणि Y अक्ष काढा. X अक्षाच्या उजव्या टोकाला ‘जग’ आणि डाव्या टोकाला ‘इतर खेळाडू’ असे लिहा. Y अक्षाच्या वरच्या टोकाला ‘सत्ता गाजवणे’ आणि खालच्या टोकाला ‘संवाद साधणे’ असे लिहा. आता चार चरण तयार झाले.

पहिल्या चरणात जगावर सत्ता गाजवू पाहणारे, म्हणजे गुण, संपत्ती आणि पदव्या कमावणारे खेळाडू येतात. हे ‘चौकट’, इंग्रजीत या पत्त्याचे नाव हिऱ्यावरून आहे. चौथ्या चरणात जगाशी संवाद साधणारे, कानाकोपरे आणि नियम धुंडाळणारे येतात. हे ‘इस्पिक’, त्याच्या इंग्रजी नावाचा दुसरा अर्थ खोदायचे फावडे. तिसऱ्या चरणात माणसांशी मैत्री जोडणारे ‘बदाम’ येतात. दुसऱ्या चरणात इतरांवर कुरघोडी करणारे ‘किलवर’. त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ सोटा!

आता प्रश्न येतो तो या चौघांच्या समतोलाचा. जंगलात वाघ आणि हरणे यांचे प्रमाण बिघडले, की काय होते हे तुम्ही शिकला आहात. येथेही तसेच घडते. कुरघोडी करणारे फार वाढले, की मैत्री जोडणारे आणि कमावणारे खेळ सोडून जातात. मग कुरघोडी कुणावर करायची? तेही निघून जातात आणि जग ओस पडते. चारही प्रकारांचे लोक योग्य प्रमाणात नांदतील, अशी स्थितीही शक्य असते. पण त्यासाठी निर्मात्यांना नियम सतत जुळवत राहावे लागतात.

एक साथ आणि एक मोजणी

सप्टेंबर 2005 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात एक अकल्पित घटना घडली. हक्कार नावाच्या दैत्याशी लढताना पात्रांना ‘दूषित रक्त’ नावाचा संसर्गजन्य विकार जडत असे. तो त्या लढाईपुरताच राहावा, अशी योजना होती. परंतु खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत पोचला आणि दुबळी पात्रे भराभर मरू लागली.

या प्रसंगी खेळाडू कसे वागले? कोणी इतरांवर उपचार करायला धावले. कोणी पळून गेले. कोणी मुद्दाम रोग पसरवत हिंडले. कोणी तर केवळ काय चालले आहे ते पाहायला शहरात शिरले! शेवटी निर्मात्यांना सर्व्हर पूर्वस्थितीला आणावे लागले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी 2007 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात या घटनेवर लेख लिहिला. माणसे साथीत कशी वागतात याचा अभ्यास करायला अशी जगे उपयोगी पडतील, असे त्यांनी सुचवले.

बार्टल यांचे चार प्रकार निरीक्षणातून आले होते, मोजमापातून नव्हे. निक यी यांनी 3,000 हून अधिक खेळाडूंना प्रश्न विचारून उत्तरांचे संख्याशास्त्रीय पृथक्करण केले आणि ते 2006 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना तीन मुख्य प्रेरणा आढळल्या : काही साध्य करणे, माणसांत मिसळणे आणि त्या जगात रंगून जाणे. महत्त्वाची गोष्ट अशी, की एक प्रेरणा प्रबळ असली म्हणजे दुसरी दुबळी असते असे नाही. म्हणजे माणूस हा एकच पत्ता नसून हातातला पत्त्यांचा डाव असतो.

हवे असणे आणि सवय लागणे

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ‘मड’ विद्यार्थ्यांनी हौसेने रचला होता. आजचे खेळ चालवणाऱ्या कंपन्यांना खेळाडू रोज परत यायला हवा असतो. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. किती चोची मारल्या म्हणजे दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवले, तर कबुतर चिकाटीने चोच मारत राहते. शत्रू मारल्यावर कधी मौल्यवान तलवार, कधी काहीच नाही, ही रचना त्याच तत्त्वावर उभी आहे. अशा वेळी खेळाडू मिळणाऱ्या आनंदासाठी खेळतो, की पुढच्या दाण्याच्या आशेने?

खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, या लक्षणांची जागतिक आरोग्य संघटनेने विकार म्हणून नोंद केली आहे. ते वर्गीकरण 2022 पासून लागू झाले. मात्र हे निदान करताना साधारण 12 महिन्यांचे वागणे पाहिले जाते. सुटीत चार दिवस खेळणारा प्रत्येक जण रोगी नव्हे.

करून पाहा

वर्गात प्रत्येकाने नाव न घालता एका चिठ्ठीवर आपला आवडता खेळ आणि तो खेळण्याची दोन कारणे लिहावीत. शिक्षकांनी चिठ्ठ्या चार चरणांत मांडून आलेख काढावा. मैदानी आणि ऑनलाइन खेळांचे आलेख वेगळे काढले, तर तुलना करता येईल. कोणत्याही चरणात न बसणारी चिठ्ठी टाकून देऊ नका. नव्या वर्गीकरणाची सुरुवात बहुधा अशाच चिठ्ठीपासून होते.

त्यानंतर आठ दिवस रोज दोन आकडे लिहा : किती मिनिटे खेळायचे ठरवले होते आणि किती मिनिटे खेळलात. दोन्हींतील फरक वाढत चालला असेल, तर खेळाकडून तुम्हाला जे हवे होते, ते अजून मिळते आहे का, हे स्वतःला विचारा.